जबडा हलतोय का

मला बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. शरीरानं बसते तशी. क्रांती चौकातल्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसते, जाता-येता स्कूटीवर बसते, घरी आल्यावर ओट्याशी उभं राहून पाय भरून आले की स्टुलावर बसून लसूण सोलते. पण हातात काही न घेता, कुणाची वाट न बघता नुसतं बसायचं म्हटलं, की पाचव्या मिनिटाला मला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं. उठून बघावं तर गॅस बंद असतो आणि दूध फ्रीजमध्ये असतं.

माझे वडील बसायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. त्यांना जाऊन आता दुसरं वर्ष सरत आलं.

पडेगावला आमच्या घरामागं एक रिकामा प्लॉट आहे. त्याचा मालक चार कोपऱ्यांना चार दगड रोवून गेला तो परत फिरकला नाही. प्लॉटात एक बाभूळ, तिच्याखाली वाळलेलं गवत, आणि पलीकडं दौलताबादच्या बाजूचे डोंगर. मागचं दार उघडलं की दोन पायऱ्या आणि पायऱ्यांपाशी जरा सपाट फरशी. तिथं प्लॅस्टिकच्या निळ्या खुर्चीवर आप्पा रोज संध्याकाळी चहा झाला की बसायचे. काठी पायांच्या मध्ये उभी, काठीच्या टोकावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी. दिवस कलल्यापासून डोंगर काळा पडेपर्यंत. हातात ना माळ, ना पेपर. तोंड मात्र थोडं थोडं हलायचं, काहीतरी चघळत असल्यासारखं. तंबाखू त्यांनी कधीच सोडली होती, त्यामुळं तोंडात काही नसायचं.

"आप्पा, काय करताय?" मी आतूनच विचारायचे.

"रवंथ," ते म्हणायचे.

आमचं घर मेंढरांचं. सिल्लोडच्या पुढं आमचं गाव. आप्पांच्या आज्यापासून सगळ्यांचं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं, आणि आप्पांचंही, मी कॉलेजात जाईपर्यंत. मग कळप विकला आणि थोडं रान होतं त्यात ते मका करायला लागले. पण बोलण्यातून मेंढरं गेली नाहीत. "मेंढरू दिसभर नुसतं वरबाडून गिळत सुटतं," ते सांगायचे. "त्याला चव बी कळत नाय. मग सावलीला बसतं, तवा एकेक घास वर काढतं, सावकाश चावतं, मग ते अंगाला लागतं. माणसाचं काय येगळं हाय? सकाळपसून काय काय गिळलं, कोण काय बोललं, आपुन काय बोललो, ते बसल्याबिगर अंगाला लागत नाय."

मी हे हसण्यावारी न्यायचे. आमच्या ऑफिसात तेव्हा ध्यानाचं खूळ आलं होतं. मोबाईलमधली एक बाई गोड आवाजात सांगायची, डोळे मिटा, श्वासाकडं लक्ष द्या. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी डोळे मिटून बसायच्या आणि मधेच एकीच्या फोनवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा मेसेज वाजायचा. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडं हे सगळं फुकट आहे, पायऱ्यांपाशी काठी घेऊन बसलेलं. त्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता पुढचं पत्र टाईप करायला घेतलं.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मी नऊ-दहा वर्षांची असेन. शाळेला सुट्टी असली की आप्पांबरोबर रानात जायचे. दुपारी मेंढरं लिंबाखाली बसली की ते मला कामाला लावायचे. "जा माय, तोंडं बघून ये." आमच्याकडं बाप लेकीला माय म्हणतो. तर तोंडं बघायची म्हणजे बसलेल्या कळपातून आवाज न करता फिरायचं आणि एकेकाच्या जबड्याकडं बघायचं. जबडा आडवा हलत असला की मेंढरू बरं आहे. हलत नसला की ते आजारी आहे, मग दिसायला कितीही ठणठणीत असो. पाय लंगडायच्या आधी, पोट फुगायच्या आधी रवंथ थांबतो, हे आप्पांनी मला अक्षरओळखीसारखं शिकवलं होतं.

एका दुपारी एक काळतोंडी मेंढी इतरांसारखीच मान वर करून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, किती निवांत बसलीय. पण जबडा गप्प होता. मी पळत जाऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी तिच्या कुशीवर हात ठेवला, कान लावला, आणि तिला गोडेतेल पाजून उभं केलं. तासभर फिरवली. दिवस मावळायच्या आत ती परत खाली बसली आणि तिचा जबडा हलायला लागला. त्यानंतर कितीतरी दिवस जो भेटेल त्याला आप्पा सांगायचे, "माही लेक जबडा बघती." दहावीला चांगले मार्क पडले तेव्हाही मला एवढं कुणी डोक्यावर घेतलं नाही.

म्हणजे मला ठाऊक होतं. पुढं जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं मला म्हणता येत नाही.

आई गेली ती अचानक. गावाकडं चुलीपुढं बसली होती तशीच कलंडली. भाऊ पुण्याकडं कंपनीत, त्याला पोहोचायला वेळ लागला. तेराव्यापर्यंत सगळं मीच बघितलं. मांडव, आचारी, पाण्याचा टँकर, कुणाला कुणाच्या घरी झोपवायचं, कोणत्या मावशीला तिखट चालत नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरत होते. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. ते ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात हजर होते. रडायचं राहून गेलं होतं. रविवारी निवांत वेळ मिळेल असं मनाशी म्हटलं होतं, तर रविवारी नळाला पाणी आलं. आमच्याकडं नळाला पाणी येतं त्या दिवशी दुसरं काही करता येत नाही. टाकी, पिंप, हंडे, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवायची असतात. तो रविवार गेला आणि पुढचेही गेले.

महिन्याभरानं आप्पा एसटीनं आले. हातात एक पिशवी, दुसऱ्या हातात काठी. "ऱ्हाया आलो," म्हणाले.

मी चाटच पडले. आप्पा जुन्या वळणाचे. माझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षं ते माझ्याकडं आले तरी मुक्काम करायचे नाहीत. लेकीच्या दारात राहायचं नसतं म्हणून चहा पिऊन उलट्या पावली परत जायचे. भाऊ तर फोनवर चिडलाच. लेकाचं घर असताना हे काय, लोक मला काय म्हणतील? गावातही बोलणं झालंच. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि जागचे हलले नाहीत. मी विचारलं, "आप्पा, खरंच इथं राहणार? पुण्याला का नाही गेलात?"

"हितून डोंगर दिसतो," ते म्हणाले.

मी ते खरं मानलं. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, माझ्यासाठी नाही आलेले, डोंगरासाठी आलेत. तो म्हणाला, कशासाठी का असेना, आलेत ना. माझा नवरा कमी बोलतो आणि बोलतो ते सरळ असतं. हे पुढं कामाला आलं, पण नको तिथं आलं.

तर आप्पा बसायला लागले. आमच्याकडं त्या निळ्या खुर्च्या चार होत्या. रोज संध्याकाळी आप्पा एक नाही, दोन खुर्च्या बाहेर काढायचे. एक स्वतःला, आणि एक शेजारी रिकामी. चहाचा कप ठेवायला घेत असतील असं मला वाटलं. नंतर मी तिच्यावर ओले टॉवेल टाकायला लागले. एकदा ती उन्हात राहून तिचा रंग उडाला तेव्हा मी चिडलेच. "एका माणसाला दोन खुर्च्या कशाला लागतात, आप्पा? त्या बाहेर राहून राहून तडकतात." दुसऱ्या दिवशी परत दोन खुर्च्या बाहेर.

"ये माय, बस घडीभर," ते हाक मारायचे.

"आलेच, आप्पा."

हे "आलेच" मी किती वेळा म्हटलं असेन. कुकर लावून आलेच. कणीक मळून आलेच. मुलगी तेव्हा अकरावीत होती, तिच्या क्लासच्या ग्रुपवर रोज काहीतरी यायचं, ते बघून आलेच. घरी आल्यावरही ऑफिसचे फोन यायचे, तेवढा एक घेते आणि आलेच. आणि मी जायचेसुद्धा, अगदीच गेले नाही असं नाही. जायचे, दारात उभी राहायचे, हात पदराला पुसत विचारायचे, "काय म्हणत होता?" ते म्हणायचे, "काय नाय. बस म्हणत व्हतो." मग मी म्हणायचे, "एवढंच ना?" आणि परत आत.

काही महिने असे गेले. मग मला त्यांची काळजी वाटायला लागली. काळजी, म्हणजे माझ्या पद्धतीची. ऑफिसात एकीनं सांगितलं की म्हातारी माणसं जोडीदार गेल्यावर अशीच तासन्‌तास एकटक बघत बसतात, त्याला डिप्रेशन म्हणतात, वेळीच मन रमवलं पाहिजे. मुलगी म्हणाली, आजोबा तोंडातल्या तोंडात बोलतात, माझ्या मैत्रिणीनं बघितलं. मी लगेच कामाला लागले. काम करायचं म्हटलं की मी उत्तम. आप्पांच्या खोलीत टीव्ही लावून घेतला. त्यांना मोठ्या पडद्याचा मोबाईल आणला आणि त्यात भजनं, कीर्तनं, एवढंच काय, मेंढरांचे व्हिडिओसुद्धा शोधून दिले. कुठल्यातरी परदेशातली माणसं हजारो मेंढरं मोटारसायकलवरून हाकत होती. आप्पांनी चष्मा लावून बघितलं. "लई हायेत," म्हणाले. "पर कुणीच बसंना झालंय." मोबाईल उशीखाली ठेवला आणि खुर्च्या उचलून बाहेर गेले.

मला राग आला होता, आठवतंय. एवढं करते आणि यांचं आपलं तेच.

मग एक दिवस संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर मागचं दार बंद. खुर्च्या आत, एकात एक घातलेल्या. आप्पा खोलीत टीव्हीपुढं, पलंगावर कुशीवर आडवे. बातम्या चालू होत्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातूनच ओरडून विचारलं, "आप्पा, आज बाहेर नाही बसलात?"

"बसवंना गं आता," ते म्हणाले.

कुकरची शिट्टी होत होती. त्या आवाजावरून मी मोठ्यानं म्हटलं, "बरंच झालं की, आप्पा!"

बसवंना म्हणजे बसवत नाही. मला वाटलं, त्या बसण्यातलं त्यांचं मन उडालं. एकटं बसायचा कंटाळा आला, टीव्ही आवडायला लागला, आप्पा माणसात आले. माझा जीव भांड्यात पडला. रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला सांगितलं, रुळले बघ. भावाला फोन करून सांगितलं, आता छान करमतं त्यांना, तू उगीच काळजी करत होतास. सांगताना माझ्या आवाजात जरा दिमाख होता. बघ, लेकीनं कसं सांभाळलं.

त्या दिवसांत ते आडवे होऊनच टीव्ही बघायचे. मी चेष्टा करायचे, "आमचे आप्पा निजाम झाले. लोडाला टेकून दरबार भरवतात." ते थोडं हसायचे. भाकरी अर्धी ठेवायचे. मला वाटायचं, दिवसभर पडून राहिल्यावर भूक कुठून लागणार. ताट उचलताना मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं का? बघितलंच असेल, एका घरात राहत होतो. पण तोंड दिसणं आणि तोंड बघणं यातला फरक मला नऊ वर्षांची असताना कळत होता.

शेजारच्या मुस्लिम बाईंनी मात्र विचारलं, त्यांना गल्लीत सगळे आपा म्हणतात. त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. आप्पा बसायचे तेव्हा त्या पलीकडं गच्चीवर वाळवण गोळा करत असायच्या. आप्पांचं आणि त्यांचं कधी चार वाक्यांवर बोलणं झालं नसेल. कपडे वाळत घालताना त्यांनी मला हाक मारली.

"बाबा दिखते नई आजकल? तबियत तो ठीक है ना?"

"एकदम ठीक है, आपा. टीव्ही देखते अब. दिल लग गया उनका."

"अच्छा," त्या म्हणाल्या. मग हातातला कपडा झटकून म्हणाल्या, "शाम को वो जगह खाली खाली लगती."

मी हसून आत आले. मला वाटलं, या बाईला दुसरे उद्योग नाहीत.

एके दिवशी सकाळी आप्पा मोरीत भिंतीला धरून उभे होते आणि त्यांना सरळ होता येत नव्हतं. डोळे पिवळे झाले होते. त्यांना दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, फोटो काढले. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी सांगितलं, पोटात गाठ आहे, पाठीकडच्या बाजूला, आणि ती पसरलेली आहे. मग त्यांनी कागदावर लिहायला पेन उघडलं आणि विचारलं, "त्रास कधीपासून होतोय? गाठ अशी मणक्याकडं पसरली की रुग्णाला बसणं अवघड होतं. बसलं की पाठीत कळ जाते. असं काही जाणवलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "आज सकाळपासूनच."

"नाही कसं," नवरा शेजारून म्हणाला. "बाहेर बसायचं त्यांनी बंद केलं त्याला वीस-बावीस दिवस झाले की."

तो सरळ माणूस. त्याला मला दुखवायचं नव्हतं. त्यानं फक्त डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

बसवंना. अंगाला सोसत नाही, असं सांगितलं होतं त्यांनी मला. आपल्या लेकीला, जबडा बघणाऱ्या लेकीला, तिला समजेल अशा एका शब्दात. आणि मी म्हटलं होतं, बरंच झालं.

डॉक्टर नंतर म्हणाले की वीस दिवस आधी आला असतात तरी फारसा फरक पडला नसता. समजूत घालायला म्हणाले की खरंच तसं होतं, मला माहीत नाही. मी ते कधी कुणाला विचारलंही नाही. कारण माझं दुखणं ते नाही. ते वीस दिवस आप्पा भिंतीपलीकडं कळा सोसत पडले होते आणि मी अलीकडं आनंदात होते, हे माझं दुखणं आहे. इतक्या महिन्यांत मी तेवढेच दिवस निश्चिंत होते.

करण्यासारखं काही नव्हतं म्हणून त्यांना घरी आणलं. कळा कमी व्हाव्यात म्हणून औषधं होती. त्यांचा पलंग आम्ही मागच्या दाराशी आणला, पडल्या पडल्या डोंगर दिसावा म्हणून. मी रजा टाकली. रजेतही माझं धावणं चालूच होतं. औषधांच्या वेळा, सूप, चादरी, बघायला येणाऱ्यांचा चहा. भाऊ येऊन गेला, परत आला. आमच्या घरात तेव्हाही पाण्याचा दिवस यायचा आणि पिंप भरायचं असायचं.

एका दुपारी घरात दोघंच होतो. मी त्यांना औषध देऊन उठत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, नुसती बोटं टेकवलेली.

"बस," म्हणाले.

या वेळी मी आलेच म्हटलं नाही. एक खुर्ची ओढून बसले. फोन मांडीवर होता, तो उलटा ठेवला. ते डोंगराकडं बघत होते. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागले, एकेक वाक्य, मधे दम खात.

"तुही आय गेली तवा तू रडली नाय. पंगतीत वाढत व्हतीस. म्या तोंड बघत व्हतो तुहं. जबडा हलत नव्हता."

त्यांनी उशीवर मान सरळ केली.

"म्हून आलतो म्या."

"डोंगरासाठी आला होता ना आप्पा," मी म्हणाले. चेष्टा करायला गेले, ती जमली नाही.

"डोंगर काय, गावाकडं बी हाय की."

"मग सांगायचं ना मला. बोलायचं. रागवायचं."

"सांगून रवंथ करतं व्हय मेंढरू?" ते म्हणाले. "त्याच्या बाजूला बसावं लागतं. एक बसलं का दुसरं बसतं. म्या बसत व्हतो रोज. म्हणलं, आज ना उद्या लेक बी बसन."

मी खुर्चीकडं बघितलं. मी बसले होते ती तीच होती, उन्हानं रंग उडालेली. टॉवेल टाकायची.

मग मला रडू आलं. आईचं आलं की त्यांचं आलं मला कळलं नाही, कुठलं कुठलं निघालं. हनुवटी थरथरत होती आणि थांबवता येत नव्हती. आप्पांनी मान वळवून माझ्या तोंडाकडं बघितलं, रानात एकेका मेंढराकडं बघायचे तसं, घाई न करता.

"हां," ते म्हणाले. "हलला."

त्यानंतर ते पाच दिवस होते. शेवटचे दोन दिवस त्यांना ओळख नव्हती. गेले ते सकाळी, मी चादर बदलायला वाकले होते तेव्हा. तेराव्याला या वेळी मी काहीच बघितलं नाही. सगळं भावानं केलं. मी एका कोपऱ्यात बसून होते आणि लोक म्हणाले, पोरगी खचली. आप्पांना बरं वाटलं असतं.

आता मी रोज संध्याकाळी दोन खुर्च्या बाहेर काढते. कुकर आता नवरा लावतो आणि शिट्ट्या मोजायला विसरतो. आपा गच्चीवरून बघतात, हात वर करतात आणि वाळवण गोळा करत राहतात. मुलगी एकदा येऊन शेजारी बसली होती. थोडा वेळ बसली, फोन हातात होता, मग उठून गेली. मी फक्त तिचं तोंड बघून घेतलं.

ऑफिसात परवा कुणीतरी म्हणालं की तुम्ही अलीकडं शांत दिसता, ध्यान वगैरे करता का? मी हो म्हटलं. एवढं सगळं कोण सांगणार?

पाचव्या मिनिटाला दूध आठवतं. मी उठत नाही. मग हळूहळू एकेक वर यायला लागतं. ऑफिसातलं कुणाचं बोलणं, मुलीवर उगीच ओरडले ते, आईचा चुलीपुढचा पाट. हे सगळं चावलं जातं आणि खाली जातं. आप्पा म्हणायचे तसंच होतं, त्यात काही खोट नाही. आणि सगळ्यात शेवटी, डोंगर काळा पडायच्या सुमारास, ते एक वर येतं. आतल्या खोलीतून त्यांचा आवाज येतो, बसवंना गं आता. आणि कुकरच्या शिट्टीवरून माझा, मोठा, आनंदातला. ते मी रोज चावते. दोन वर्षं होत आली, ते खाली जात नाही. बरंच झालं की, आप्पा.